हँग झालं म्हणजे नक्की काय झालं?



'हँग' हा शब्द आपल्या घरात नक्की कधी शिरला हे आता कुणालाच सांगता येणार नाही. फोन हँग होतो, बँकेतला संगणक हँग होतो, आणि परवा तर आमच्या भाजीवाल्या मावशी सुटे पैसे मोजता मोजता म्हणाल्या, "थांबा ताई, डोकंच हँग झालंय." इंग्रजीत याच प्रकाराला 'फ्रीझ' असाही शब्द आहे. एक शब्द लटकण्याचा, दुसरा गोठण्याचा. आपला जुना शब्द 'ठप्प'. तिन्ही शब्द एवढंच सांगतात की समोरचा हलत नाही. तो का हलत नाही, हे तिन्हींतला एकही सांगत नाही. आजचा लेख त्या 'का'बद्दल आहे.

मी इतिहास आणि मराठी घेऊन बी.ए. झालेली, आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेली बाई. संगणकाच्या पोटात काय चालतं ते मी निवृत्तीनंतर पुस्तकं वाचून आणि घरातल्या पोरांना प्रश्न विचारून विचारून शिकले. पण इतिहासाच्या बाईला एक खोड असते. कोणतीही गोष्ट दिसली की ती आधी कुठे घडली होती, कशामुळे घडली होती, हे शोधल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून विषय घेतलाय अगदी छोटा. कोड लिहायचा एका सॉफ्टवेअरमध्ये, तो चालवायचा दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि या दोघांमध्ये ये-जा करताना एक जण मधेच ठप्प होतो, तो प्रकार.

घरच्या वाचकांसाठी थोडा खुलासा. संगणकाला द्यायच्या सूचना म्हणजे कोड, आणि त्या लिहायची पाटी म्हणजे एडिटर. ही पाटी कधी मुख्य सॉफ्टवेअरच्या आतच असते, तर कधी बाहेरची, वेगळी आणलेली असते. बाहेरची असली की दोन बिऱ्हाडं एका चुलीवर स्वयंपाक करतात तसं होतं. आणि एका चुलीवरचे तंटे फार जुने आहेत.

अमेरिकेत एम.आय.टी. या विद्यापीठात १९६१ च्या नोव्हेंबरमध्ये फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका नव्या व्यवस्थेचं प्रात्यक्षिक दाखवलं. तिचं नाव सी.टी.एस.एस. तोपर्यंत एका वेळी एकाच माणसाचं काम संगणकावर चालायचं, बाकीच्यांनी आपापली छिद्रं पाडलेली कार्डं घेऊन रांगेत उभं राहायचं. या नव्या व्यवस्थेत अनेक जण एकाच वेळी आपापल्या टंकयंत्रावर बसून तोच संगणक वापरू शकत होते. संगणक प्रत्येकाला क्षणभर क्षणभर वेळ देई आणि प्रत्येकाला वाटे की तो आपलाच आहे. आपल्याकडच्या एकशिक्षकी शाळेत एकच गुरुजी चार इयत्ता सांभाळतात, तसंच काहीसं.

या व्यवस्थेत १९६० च्या दशकाच्या मध्यात एक गमतीदार आणि भयंकर प्रसंग घडला. तिथल्या एडिटरने काम करताना एक तात्पुरती फाइल तयार करायची आणि काम संपलं की ती मूळ जागी ठेवायची, अशी रीत होती. त्या तात्पुरत्या फाइलचं नाव ठरलेलं होतं, कायम तेच. एका कप्प्यात एका वेळी एकच माणूस काम करणार असं गृहीत धरलेलं होतं. पुढे व्यवस्था सांभाळणारे माणसं वाढली, आणि एके दिवशी त्यांच्यातले दोघे एकाच कप्प्यात एकाच वेळी एडिटर उघडून बसले. एक जण 'आजची सूचना' लिहीत होता, म्हणजे आत येणाऱ्या प्रत्येकाला जी सुरुवातीला छापून मिळते ती. दुसरा सगळ्यांच्या पासवर्डांची यादी दुरुस्त करत होता. दोघांच्या तात्पुरत्या फाइलींचं नाव एकच! अदलाबदल झाली, आणि त्यानंतर जो जो आत आला त्याच्यापुढे सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड छापले जाऊ लागले.

यात मला सगळ्यात आवडलेला भाग पुढचा आहे. हा गोंधळ एका जाणत्या वापरकर्त्याच्या लक्षात आला. त्याने काय केलं, तर 'हीच आज्ञा पार पाड' असं स्वतःलाच सांगणारी एक आज्ञा यंत्राला दिली. यंत्र त्या एका आज्ञेभोवती गरागरा फिरत बसलं आणि सगळं काम जागच्या जागी ठप्प झालं. म्हणजे त्या दिवशीचं हँग होणं मुद्दाम घडवलेलं होतं, आणि त्यानेच लोकांचे पासवर्ड आणखी फुटायचे वाचले. पुढे कोर्बाटोंना १९९० सालचा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. तो स्वीकारताना त्यांनी व्याख्यान दिलं ते आपण बांधलेल्या व्यवस्था बिघडणारच असं धरून कसं बांधावं या विषयावर, आणि त्यात त्यांनी हा पासवर्डचा किस्सा सांगितला. एवढा मोठा सन्मान घेताना आपल्या घरातली फजिती सांगणारा माणूस मला मोठा वाटतो.

या प्रसंगातून निघणारा धडा सरळ आहे. दोघे एकाच वस्तूला हात लावणार असतील तर तिला कुलूप हवं. एकाने उघडली की दुसऱ्याने थांबायचं. आजही कार्यालयात एखादी फाइल उघडताना 'ही दुसऱ्याने उघडली आहे' असा निरोप येतो, तो याच कुलपाचा. पण कुलूप आलं की थांबणं आलं. आणि इथूनच आपल्या विषयाची दुसरी बाजू सुरू होते.

१९६९ मध्ये केन थॉम्प्सन यांनी युनिक्स लिहायला घेतलं, तेव्हा त्याबरोबर 'ईडी' नावाचा एक छोटा एडिटरही लिहिला. तो इतका मितभाषी होता की काही चुकलं तर नुसतं एक प्रश्नचिन्ह छापायचा. (आमच्या शाळेत असे एक तपासनीस येत. काय चुकलं ते सांगायचे नाहीत, नुसती भुवई वर करायचे.) १९७६ मध्ये बर्कलीत बिल जॉय यांनी 'व्हीआय' लिहिला, त्याच वर्षी एम.आय.टी.मध्ये 'ईमॅक्स' जन्माला आला, आणि कोणता एडिटर चांगला यावरून जी भांडणं सुरू झाली ती आजही मिटलेली नाहीत. आवडीनिवडी वाढल्या तशी युनिक्समध्ये एक सोय झाली. प्रत्येकाने 'माझा एडिटर अमुक' अशी जणू चिठ्ठी लिहून ठेवायची. कोणत्याही सॉफ्टवेअरला तुमच्याकडून काही लिहून हवं असेल तर ते चिठ्ठी वाचतं, तुमचा आवडता एडिटर बोलावतं, आणि स्वतः स्वस्थ बसून राहतं.

या स्वस्थ बसण्याला युनिक्सच्या भाषेत फार घरगुती शब्द आहेत. बोलावणारा तो पालक, बोलावलेला तो मूल, आणि मूल काम संपवून परत येईपर्यंत पालक थांबतो. अगदी शाळेच्या फाटकाबाहेर थांबलेल्या आयांसारखा. २००५ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी सुरू केलेलं 'गिट' आजही हेच करतं. बदलांची नोंद लिहायला ते बाहेरचा एडिटर उघडतं आणि थांबतं. नवख्या माणसाला वाटतं, गिट हँग झालं. ते हँग झालेलं नसतं, तुम्ही एडिटर बंद करायची वाट पाहत असतं. याच्या उलट गंमतही होते. आजकालचे काही एडिटर बोलावल्याबरोबर काम आधीच उघडलेल्या दुसऱ्या खिडकीकडे सोपवतात आणि 'माझं झालं' म्हणून परत येतात. गिटला वाटतं लिहून झालं, कागद तर कोरा, आणि ते नोंदच रद्द करतं. म्हणून अशा एडिटरांना 'थांब' असं वेगळं बजावावं लागतं.

दोन बिऱ्हाडांची ही कटकट संपवायचा एक मोठा प्रयत्न १९८३ मध्ये झाला. त्याआधी घरगुती संगणकावर कोड लिहायचा म्हणजे बऱ्याचदा एडिटर उघडा, लिहा, बंद करा, मग कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणारं वेगळं सॉफ्टवेअर चालवा, मग तुकडे जोडणारं तिसरं, आणि मधे मधे फ्लॉपी बदला, असा सोहळा असे. अँडर्स हेल्सबर्ग या डॅनिश तरुणाने लिहिलेलं 'टर्बो पास्कल' बोरलँड कंपनीने ४९.९५ डॉलरना बाजारात आणलं. लिहिणं, रूपांतर करणं आणि चालवणं, सगळं एकाच छताखाली, आणि हे सगळं ४० किलोबाइटपेक्षाही कमी जागेत. आज आपण फोनवर एकमेकांना पाठवतो त्या 'शुभ सकाळ'च्या चित्रांना याहून जास्त जागा लागते. चूक सापडली की टर्बो पास्कल तुम्हाला थेट त्या ओळीवर नेऊन उभं करी. हेच हेल्सबर्ग पुढे डेल्फी, सी शार्प आणि टाइपस्क्रिप्ट यांचेही शिल्पकार झाले.

मग आज बिऱ्हाडं पुन्हा वेगळी का? कारण एकत्र कुटुंबात सगळ्यांच्या आवडीनिवडी सांभाळल्या जात नाहीत, हे तुम्हाआम्हाला काय वेगळं सांगायला हवं! चित्रांचं, खेळांचं, नकाशांचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना उत्तम एडिटरही बनवणं झेपत नाही, आणि ज्याला ज्या एडिटरची सवय त्याला तोच हवा असतो. शिवाय प्रत्येक एडिटरने प्रत्येक संगणकभाषा शिकायची हे न संपणारं काम होतं. त्यावर २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल' नावाची एक रीत जाहीर केली. भाषेचं ज्ञान एका वेगळ्या मदतनिसाकडे ठेवायचं आणि एडिटरने त्याला निरोप पाठवून विचारायचं. सोय उत्तम झाली. पण आता एका पडद्यामागे मुख्य सॉफ्टवेअर, एडिटर, भाषेचा मदतनीस आणि चुका शोधणारा डीबगर असे चौघे बसलेले असतात आणि सारखे एकमेकांना निरोप धाडत असतात. जितके निरोप, तितक्या वाट पाहण्याच्या जागा.

वाट पाहण्याचा खरा शास्त्रकार म्हणजे एड्सखर डाइक्स्ट्रा. जन्म १९३० चा, हॉलंडमधल्या रॉटरडॅमचा. एकाच संगणकात अनेक कामं चालली की ती एकमेकांच्या आड कशी येतात याचा त्यांनी १९६० च्या दशकात मुळापासून विचार केला. दोघांनी एकमेकांना धरून ठेवायचं आणि दोघांनीही हलायचं नाही, या स्थितीला त्यांनी 'जीवघेणी मिठी' असं नाव दिलं. १९६५ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांना परीक्षेत घातलेलं याच विषयावरचं एक कोडं टोनी होअर यांनी पुढे जेवणाच्या टेबलाचं केलं आणि ते जगभर प्रसिद्ध झालं. गोल टेबलाभोवती पाच तत्त्वज्ञ बसलेत. दोघा दोघांच्या मध्ये एक, असे पाचच काटे आहेत, आणि जेवायला प्रत्येकाला दोन काटे लागतात. सगळ्यांनी एकाच वेळी आपल्या डावीकडचा काटा उचलला तर? प्रत्येकाच्या हातात एक काटा, प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहतोय, आणि ताटं भरलेली असून सगळे उपाशी. लखनौच्या 'पहले आप'वाल्या नबाबांची गाडी सुटली ती जास्तीच्या सभ्यतेमुळे. इथे कुणी सभ्यही नाही. हातातलं सोडायचं नाही आणि दुसऱ्याचं हवंय, एवढंच.

१९७१ मध्ये कॉफमन, एल्फिक आणि शोशानी या तिघांनी अशी मिठी पडायला काय काय लागतं ते चार अटींत मांडलं. वस्तू एका वेळी एकालाच वापरता येते. हातातलं धरून ठेवून माणूस पुढचं मागतो. कुणाच्या हातातलं हिसकावून घेता येत नाही. आणि वाट पाहणाऱ्यांची साखळी फिरून पहिल्यापाशी येते. चारही गोष्टी एकत्र आल्या तरच मिठी पडते. चारातली एक जरी मोडली तरी सुटका. वाटणीच्या दाव्यांत वर्षानुवर्षं अडकलेली घरं मी पाहिली आहेत. त्यांना या चारही अटी तंतोतंत लागू पडतात.

डाइक्स्ट्रा यांनी त्यांच्या कुलपाला जे नाव दिलं ते वाचून मी खुर्चीत सरळ होऊन बसले होते. ते नाव 'सेमाफोर', म्हणजे रेल्वेचा हात वर-खाली होणारा सिग्नल. माझे वडील रेल्वेत होते, एकेरी मार्गावरच्या लहान स्टेशनांवर त्यांची नोकरी झाली. तिथे दोन स्टेशनांच्या मधल्या टापूत एका वेळी एकच गाडी सोडायची असते. त्यासाठी नील्स बॉल टोकनची यंत्रं असत. दोन्ही स्टेशनांवर एकेक यंत्र, दोन्ही तारेने जोडलेली. एकातून धातूचा गोळा बाहेर काढला की तो परत कुठल्यातरी यंत्रात पडेपर्यंत दोन्हीकडून दुसरा गोळा निघत नाही. तो गोळा चामड्याच्या पिशवीत घालून, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला लावून, धावत्या इंजिनाच्या ड्रायव्हरच्या हातात द्यायचा. गोळा नाही तर गाडी पुढे नाही. संगणकातलं कुलूप समजून घ्यायला मला दुसरं काही वाचावं लागलं नाही.

आणि जीवघेणी मिठीही रेल्वेवाल्यांना माहीत होती. लहान स्टेशनात रूळ दोन किंवा तीन. ते सगळे भरले आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर गाड्या येऊन थांबल्या, तर कुणालाच हलता येत नाही. म्हणून कंट्रोलवाला गाडी दोन स्टेशनं आधीच अडवून ठेवतो. पुढे तिला जागा मिळेल याची खात्री झाल्याशिवाय सोडत नाही. डाइक्स्ट्रा यांनी हेच सावकाराच्या उदाहरणाने मांडलं: सगळ्यांच्या गरजा कधी ना कधी भागवता येतील इतकंच कर्ज द्यायचं, नाहीतर आत्ता नाही म्हणायचं. प्रवासी मात्र आउटरला उभ्या गाडीत बसून चरफडतो, कारण त्याला फक्त गाडी उभी दिसते. इंजिन बिघडलंय, की सिग्नल पडलेला नाही? डब्यात बसून हे कळत नाही.

याचं सगळ्यात दूरवरचं उदाहरण मंगळावरचं आहे. ४ जुलै १९९७ रोजी नासाचं 'पाथफाइंडर' मंगळावर उतरलं. काही दिवसांनी त्यावरचा संगणक मधेच सगळं काम सोडून स्वतःला पुन्हा सुरू करू लागला. प्रत्येक वेळी त्या दिवसाचं उरलेलं काम बुडायचं. कारण पुढे सापडलं ते असं. हवामानाची नोंद घेणारं एक कमी महत्त्वाचं काम एक कुलूप धरून बसायचं. तेच कुलूप एका फार महत्त्वाच्या कामाला हवं असायचं, म्हणून ते थांबायचं. इतक्यात मधल्या महत्त्वाची कामं येऊन हवामानवाल्याला बाजूला सारायची. मग तो कुलूप सोडणार कधी? साहेब शिपायासाठी थांबलेत, आणि शिपायाला हेडक्लार्क सोडत नाही! ठरलेल्या वेळेत महत्त्वाचं काम झालं नाही असं पाहून पहारेकरी कार्यक्रम सगळंच पुन्हा सुरू करायचा.

त्यावरचं औषध आधीच माहीत होतं. लुई शा, रागुनाथन राजकुमार आणि जॉन लेहोत्स्की यांनी १९९० मध्ये ते व्यवस्थित मांडलं होतं: साहेब ज्या शिपायासाठी थांबलेत त्याला तेवढ्यापुरता साहेबांचाच मान द्या, म्हणजे तो झटकन काम संपवून बाजूला होईल. अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या जोडयंत्रावर तोच बिघाड घडवून पाहिला, खात्री केली आणि मगच मंगळावर दुरुस्ती धाडली. तिथवर निरोप पोचायलाच तेव्हा १०-११ मिनिटं लागत होती. तिथे जाऊन बटण दाबणारं कुणी नव्हतं, त्यामुळे बिघाड समजून घेण्याला पर्यायच नव्हता. आपल्या हाताशी बटण असतं, आणि मला वाटतं आपली पंचाईत तिथेच होते.

आमच्याच घरातलं सांगते. माझी नात संगणकावरचे खेळ बनवायला शिकते. खेळाचं मुख्य सॉफ्टवेअर एक, कोडचा एडिटर दुसरा. अभ्यासक्रमाचा प्रकल्प द्यायच्या आदल्या आठवड्यात तिचं मुख्य सॉफ्टवेअर खेळ चालवला की गोठायचं. ती ते जबरदस्तीने बंद करायची, आणि जतन न केलेलं चित्रांचं काम जायचं. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा रात्री दीड वाजता ती रडकुंडीला आली होती. संगणक पुसून सगळं नव्याने घालायचं म्हणत होती. मला तिच्या कोडमधलं एक अक्षर कळत नाही. मी तिला एवढंच विचारलं, "अगं, तो दमलाय की वाट बघतोय, हे बघायची काही सोय आहे का?" सोय असते. कोणतं सॉफ्टवेअर संगणकाला किती राबवतंय ते दाखवणारी एक यादी उघडता येते. चौथ्यांदा गोठलं तेव्हा तिने बंद न करता ती यादी पाहिली. राबणं जवळजवळ शून्य. म्हणजे तो कामात नव्हता, फेऱ्यातही सापडला नव्हता. कुणाचीतरी वाट पाहत उभा होता. शोधता शोधता एडिटरची खिडकी सगळ्यांच्या मागे सापडली. त्यात एका ओळीपुढे लाल ठिपका होता. 'इथे आलं की थांब, मला तपासायचंय' अशी ती खूण. नव्याने शिकताना तिनेच ठेवलेली. डीबगरने इमानेइतबारे मुख्य सॉफ्टवेअरला त्या ओळीवर रोखून धरलं होतं. ठिपका काढला, खेळ पुढे सरकला. प्रकल्प वेळेत गेला.

पण प्रत्येक वेळी असं सोपं नसतं, आणि त्यालाही कारण आहे. १९३६ मध्ये अवघ्या २३ वर्षांच्या ॲलन ट्यूरिंगने (याचे वडील मद्रास इलाख्यात आय.सी.एस. अधिकारी होते) गणितातला एक निबंध लिहिला. त्यातून निघणारा निष्कर्ष असा, की कोणताही कार्यक्रम कधीतरी थांबेल की कायम फिरत राहील, हे सगळ्या बाबतींत अचूक सांगणारी एकच रीत असूच शकत नाही. अजून सापडली नाही असं नव्हे, असूच शकत नाही! मग विंडोज आपल्याला 'प्रतिसाद देत नाही' असं कशाच्या जोरावर सांगतं? फक्त घड्याळाच्या. खिडकीने आलेल्या निरोपांकडे ५ सेकंद लक्ष दिलं नाही की तिच्यावर तो शिक्का बसतो. आत मन लावून काम चालू असो, की जीवघेणी मिठी पडलेली असो, शिक्का तोच. बाहेरच्या एडिटरमधून परत आलात की मुख्य सॉफ्टवेअर बदललेल्या फाइली तपासतं, सगळा कोड पुन्हा वाचतं, रूपांतर करतं. मोठ्या प्रकल्पात त्याला ५ सेकंदांहून कितीतरी जास्त लागतात. शिक्का पाहून आपण घाबरतो आणि काम करणाऱ्यालाच उठवून देतो.

सेकंदांचा हा हिशोब वाचताना मला माझ्या धंद्यातलं एक नाव आठवलं. मेरी बड रो या अमेरिकेतल्या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती ऐकून एक गोष्ट मोजली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक मुलाच्या उत्तरासाठी किती वेळ थांबतो? सरासरी साधारण १ सेकंद. तेवढ्यात उत्तर आलं नाही की प्रश्न पुन्हा, किंवा पुढचा मुलगा. शिक्षकांना ३ सेकंद थांबायला शिकवलं तर उत्तरं लांब येऊ लागली, एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागली, 'माहीत नाही' कमी झालं. म्हणजे आपण मुलांना यंत्रापेक्षाही कमी सवड देत होतो. माझ्या वर्गात एक मुलगा होता. प्रश्न विचारला की उभा राहायचा आणि गप्प. बाकीची पोरं हसायची, कुजबुजायची. मी त्यांना गप्प करायची आणि खिडकीबाहेर बघत थांबायची, कारण आपल्याकडे कुणी बघत नसलं की तो बोलतो हे माझ्या लक्षात आलं होतं. पानिपतच्या पराभवाची कारणं त्याने एकदा दाण्यागोट्यापासून हवामानापर्यंत अशी ओळीने सांगितली की वर्गच गप्प झाला. त्या मुलाच्या वह्या आदल्या वर्षीच्या शेऱ्यांनी भरलेल्या होत्या, 'लक्ष नाही' म्हणून.

नुसतं थांबून राहावं असं मात्र मी म्हणत नाही. जीवघेण्या मिठीत अडकलेल्यापुढे रात्रभर बसलं तरी ती सुटत नाही, तिथे कुणाच्यातरी हातातलं सोडवावंच लागतं. आणि पासवर्ड छापले जात असताना यंत्र गोठवणाऱ्या त्या माणसाने क्षणभरही वाट पाहिली नाही, तेच बरोबर होतं. पण बटण दाबायच्या आधी एवढं तरी बघावं की समोरचा राबतोय, फिरतोय, की कुणासाठी थांबलाय. थांबला असेल तर कुणासाठी. कधी कधी ज्याच्यासाठी थांबलाय ते आपणच असतो, मागच्या खिडकीत.

असो. लेख लांबला. तुमच्यापैकी कुणी रेल्वेत किंवा सॉफ्टवेअरमध्ये असाल तर अशा वाट पाहण्याच्या आणखी जागा मला जरूर सांगा. आणि नातीचा निरोप आहे की काम दर दहा मिनिटांनी जतन करत जा, मग हँग होवो की काही होवो.